गाडीत दम नाही

१ नोव्हेंबर, सकाळी सव्वापाच

नवीन काम, म्हणून नवीन वही. जुन्या वह्या कपाटात वर्षवार लावून ठेवल्या आहेत. माणसानं नोंद ठेवावी. नोंद असली की चूक लपत नाही. डब्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं तपासनीस होतो, उगाच नाही बोलत.

आजपासून डोंगरावरच्या हॉस्पिटलच्या चादरी, अभ्रे, पडदे, सगळं आपल्या लॉन्ड्रीत. एक महिना ट्रायल. धुतलेला माल सकाळी सातच्या आत वर पोचायला हवा, कारण सातला बेड बदलतात. महिन्यात पाच वेळा उशीर झाला की काम दुसऱ्याला. हे काम लेकीनं मिळवलं. त्यासाठी मेट्रनला तीनदा जाऊन भेटली. शहरातली नोकरी सोडून घरी आली आहे, पण ऑफिसनं तिची जागा महिनाअखेरपर्यंत राखून ठेवली आहे. काम टिकलं तर ती इथं राहणार, नाही टिकलं तर परत जाणार. तसं तिनं स्वच्छ सांगितलंय.

काम टिकणारच. गाडी मी चालवणार आहे.

सकाळी साडेनऊ

सात बावीसला पोचलो. चढावर पिकअप दुसऱ्या गिअरच्या पुढे जाईना. शेवटच्या वळणावर पहिला टाकावा लागला. पुढे एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत चालले होते. त्यांना ओलांडायला बराच वेळ लागला. शेवटी तेच थांबले आणि मला वाट दिली. सज्जन माणूस.

मेट्रननं घड्याळाकडे बघून वहीत काहीतरी लिहिलं. पहिला दिवस धरू नये, असं मी सुचवलं. धरला. उशीर नंबर एक.

२ नोव्हेंबर

रोग शोधायची एक शास्त्रशुद्ध पद्धत असते. संशयितांची यादी करायची आणि एकेकाला सोडत जायचं. जो उरेल तो चोर.

यादी: एअर फिल्टर. डिझेल. ब्रेक धरतायत का. सायलेन्सर तुंबलाय का. लेक (मागच्या वर्षी सुट्टीवर आली असताना दोन दिवस चालवली होती. क्लचवर पाय ठेवायची सवय).

शेवटचा संशयित तिला वाचून दाखवला नाही.

ही म्हणाली, गाडीचं होईल तेव्हा होईल, आधी इस्त्रीचं टेबल बघा. त्याच्या एका आखूड पायाखाली लाकडाचा ठोकळा होता, तो मागच्या वर्षीच कुणीतरी नेला. तेव्हापासून खाली पुठ्ठ्याची घडी. टेबल हलतं आणि चादरीला चुण्या पडतात. ठोकळा इस्त्रीवाल्यानं नेला असणार, माझा पहिल्यापासून त्याच्यावर संशय आहे. त्याला विचारलं तर तो म्हणाला, मी कशाला नेऊ, मलाच तर त्या टेबलावर काम करायचंय. चोर असंच बोलतात.

टेबल: या रविवारी करायचं.

३ नोव्हेंबर, दुपारी

एअर फिल्टर काढला. काळाकुट्ट. पुठ्ठ्याच्या खोक्यात नवा ठेवला होता, पण उगाच नवा कशाला वाया घालवा? धूळ म्हणजे शेवटी मळच, आणि मळ काढायला आपल्याकडे मशीन आहे. नाजूक कपड्यांच्या प्रोग्रामला लावला.

फिल्टर कागदाचा असतो.

संध्याकाळी

ऑपरेशन थिएटरचे अकरा हिरवे कोट त्याच मशीनमध्ये होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ही आणि इस्त्रीवाला दुपारभर त्यांच्यावरचा कागदाचा लगदा नखानं काढत बसले होते. मग हिनं सगळे कोट पुन्हा धुवायला टाकले. 

नवीन फिल्टर बसवला. एक संशयित सुटला.

५ नोव्हेंबर

सात एकोणीस. उशीर नंबर दोन. सोमवारी आणि गुरुवारी माल जास्त असतो, त्या दिवशी गाडी मेल्यासारखी चालते. एरवी कशीबशी वेळेत पोचते. लवकर निघावं म्हटलं तर सहाच्या आत इस्त्री उरकत नाही. टेबल हलतं म्हणे. प्रत्येकाकडे निमित्त तयार असतं.

आज लेक बरोबर आली होती. सगळा चढ ती रस्त्याकडे न बघता माझ्या पायाकडे बघत होती. वर पोचल्यावर तिनं विचारलं, ॲक्सिलरेटर पूर्ण खाली जातोय ना. मी म्हटलं, मी पाय दाबतो, तो जाऊन थांबतो, म्हणजे पूर्ण गेला. थांबल्यावर आणखी कुठे जाणार?

ती म्हणाली, परतताना मी चालवते, तुम्ही बाजूला बसा. नको म्हटलं. ही सीट चौदा वर्षांत माझ्या कमरेच्या मापाची झाली आहे. मागच्या वर्षी तिनं ती पुढे सरकवली, तर महिनाभर पाठ धरली होती. तेव्हापासून नियम आहे: ड्रायव्हरच्या सीटवर दुसरं कुणी बसायचं नाही.

ती खिडकीबाहेर बघत बसली. लहानपणीही रुसली की अशीच बसायची.

८ नोव्हेंबर

सहा पंचावन्नला पोचलो! युक्ती केली. सहा गठ्ठे घरीच ठेवले.

साडेसातला मेट्रनचा फोन आला. एका वॉर्डात पेशंट गादीच्या रेक्झिनवर पडलेत, चादरी कुठे आहेत? पुन्हा माल दोन खेपांत चालणार नाही, अशी ताकीद मिळाली. लेकीनं फोनवर तीन वेळा सॉरी म्हटलं. मी एकदाही म्हटलं नाही, कारण तांत्रिकदृष्ट्या आज उशीर झालेलाच नाही.

१० नोव्हेंबर

डिझेलमध्ये पाणी असणार. पंपावर जाऊन मालकाला चार लोकांसमोर विचारलं. त्यानं काचेच्या बाटलीत डिझेल काढून उजेडात धरलं. चार लोकांनी पाहिलं. स्वच्छ निघालं. आता पलीकडच्या पंपावरून भरावं लागेल, लांब पडतो.

मागचं चाक जॅकवर चढवून हातानं फिरवलं. मोकळं फिरतंय, ब्रेक धरत नाहीत. दोन संशयित सुटले. जाळं आवळत चाललंय.

टेबल: पुढच्या रविवारी.

१२ नोव्हेंबर

सायलेन्सर तुंबलाय का, हे हात लावून पाहिलं. तुंबलेला नाही. तापलेला आहे. आज डाव्या हातानं लिहितोय.

सात चोवीस. उशीर नंबर तीन.

१३ नोव्हेंबर, पहाटे

या वहीत खरं लिहायचं, असा नियम आहे. म्हणून लिहितो.

लेक आल्यापासून सकाळी पाचला दोन कप चहा होतो. ही तेव्हा आत मशीनपाशी असते. आम्ही दोघं पायरीवर बसतो. काही बोलत नाही. बोलायचं सुचतच नाही मला. ती मोबाइलमध्ये बघते, मी गाडीकडे बघतो. पण कप दोन असतात. गेली चार वर्षं एकच असायचा. ती परत गेली तर मला आवडणार नाही. अजिबात आवडणार नाही.

हे तिला सांगायचं. काम पक्कं झालं की सांगायचं.

१५ नोव्हेंबर

उशीर नंबर चार. सात सतरा. तिसऱ्या वळणावर एका सायकलवाल्यानं मागून येऊन विचारलं, धक्का देऊ का? सायकलवाल्यानं.

लेक संध्याकाळी माझ्यासमोर बसली. म्हणाली, बाबा, आता एकच उशीर उरलाय, मेकॅनिकला दाखवा. मी म्हटलं, यादीत फक्त एकच संशयित उरलाय. कोण, म्हणाली. मी विषय बदलला. तिनं वही ओढून यादी वाचली.

जेवली नाही.

१६ नोव्हेंबर

मेकॅनिकला बोलावलं. ते केवळ लेकीचं मन राखायला. मनुष्य बरा आहे, पण काखेत कळसा नि गावाला वळसा, अशातला. क्लच पाहिला. स्लिप होत नाही म्हणाला, अगदी नव्यासारखा आहे. (म्हणजे लेकही सुटली. हे तिच्यासमोर म्हणायला नको होतं.) मग बॉनेट उघडून इंजिनाला डिझेल सोडणारा लिव्हर हातानं ओढला. इंजिन असं गरजलं की इस्त्रीवाला बाहेर धावत आला.

मेकॅनिक म्हणाला, काका, इंजिन ठणठणीत आहे, सरका जरा, आत बसून पेडल बघतो. मी सीटचा नियम सांगितला. तो म्हणाला, दोन मिनिटांचं काम आहे. मी म्हटलं, पाय माझा आहे, पेडल कुठं जाऊन थांबतं ते मला ठाऊक आहे. चौदा वर्षं दाबतोय.

हात पुसत तो म्हणाला, मग नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. आणि गेला. माझ्याच दारात उभं राहून मला ही म्हण! सौजन्य राहिलेलं नाही.

१८ नोव्हेंबर

बैठक झाली. हिनं आणि लेकीनं आधीच ठरवलं होतं, मला फक्त कळवलं. उद्या भाड्याची व्हॅन.

टेबल करायचं राहिलं. बैठकीमुळे.

१९ नोव्हेंबर

भाड्याची व्हॅन सहा पस्तीसला वर. मेट्रन म्हणे हसली. ती हसते, हे मला ठाऊक नव्हतं.

मी घरीच होतो. पाच वाजता एकटाच पायरीवर बसलो. लेक व्हॅनवाल्याबरोबर गठ्ठे मोजत होती आणि हसत होती. आपली गाडी कोपऱ्यात उभी. चौदा वर्षं तिनं या घराचं ओझं वाहिलं आणि शेवटी ही किंमत. गाडीचं म्हणतोय.

२१ नोव्हेंबर

मी त्यांना समजावलं. महिना संपायला नऊ दिवस. भाड्याच्या गाडीवर काम टिकवलं, तर ते आपलं काम कसलं? उद्या माल आपल्याच गाडीतून जाणार. जास्तीचं चाक, जॅक, मागची फळी, सगळं काढून ठेवलं. चप्पलसुद्धा हलकी घालणार आहे. शास्त्रशुद्ध हिशेब केला: सहा अठ्ठावन्नला पोचतो.

ही नको म्हणाली. लेकीनं काढून ठेवलेल्या जॅककडे पाहिलं. मग म्हणाली, ठीक आहे, तुमच्यावर सोडते. बरं वाटलं ऐकून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाली असं.

२२ नोव्हेंबर

सात नऊ.

तिसऱ्या वळणावर पायाची बोटं दुखेपर्यंत दाबत होतो. पेडल जाऊन थांबतं. मी दाबतो, ते थांबतं. शेजारी ती मांडीवर हात ठेवून बसली होती. एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. मीच बघत होतो.

मेट्रन वाईट बाई नाही. म्हणाली, नऊ मिनिटं मी सोडली असती, पण नियम मी लिहून दिलाय. काम दुसऱ्याला.

उतरताना गाडी फार छान चालली. उताराला चालतेच.

२४ नोव्हेंबर

तिनं ऑफिसला फोन केला. जागा आहे म्हणाले.

आज टेबल करू या, म्हणून हातोडी शोधली. हिनं हातोडी माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, राहू द्या आता, पुठ्ठा बरा आहे.

२६ नोव्हेंबर

लेकीला बसपर्यंत सोडायला पिकअपनंच गेलो. रस्ता सपाट आहे. बॅग तिनं मागे टाकू दिली नाही, पायाशी घेतली. बसायची वेळ झाली तेव्हा मी म्हटलं, काही विसरलीस का बघ. हेच बोलायचं सुचलं. पायरीवरच्या दोन कपांचं बोलायचं होतं. ते काम पक्कं झाल्यावर सांगायचं ठरलं होतं, आणि काम पक्कं झालं नाही.

ती म्हणाली, “बाबा, एकदा तरी मला त्या सीटवर बसू द्यायचं होतं.”

मग बस सुटली.

२७ नोव्हेंबर, दुपारी

सारखं मनात येतंय की दोष कुणाचा तरी असणारच. मेकॅनिक काहीही म्हणो, ती मागच्या वर्षी गाडी चालवून जाईपर्यंत चढाची तक्रार नव्हती. त्याआधी धुतलेला माल घेऊन वरच्या शाळेत जायचो, तिसऱ्या गिअरवर जायचो. ते काम सुटल्यापासून चढावर गेलोच नव्हतो. याची नोंद असणार. कपाटातून मागच्या वर्षीची वही काढली. तारखेसकट सिद्ध करायचं, म्हणजे निदान मनाला शांतता.

सापडली. जशीच्या तशी उतरवतो. अक्षर माझंच आहे.

“१९ ऑगस्ट. लेकीला लायसन्स मिळालं. उद्यापासून पिकअप चालवायची म्हणते. हसलो, पण तिचा पाय जड आहे. इस्त्रीच्या टेबलाखालचा ठोकळा काढला आणि ॲक्सिलरेटरच्या मागे स्क्रूनं बसवला. आता पेडल अर्ध्यावर थांबतं. जोरात जाणारच नाही. वरून नवीन मॅट टाकलं, दिसतसुद्धा नाही. सुबक काम झालं. तिला सांगायचं नाही. ती परत गेली की लगेच काढायचा. विसरायचं नाही.”

“२० ऑगस्ट. मीही चालवून पाहिली. गावात फरक कळत नाही, इतकं दाबावंच लागत नाही.”

“२१ ऑगस्ट. लेक वैतागून आली. म्हणाली, बाबा, गाडीत दम नाही. मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. तिनं किल्ली टेबलावर ठेवली. पुन्हा मागितली नाही. बरं झालं.”

पुढचं पान: भाज्या महाग झाल्या आहेत.

सहा वेळा वाचलं. “बरं झालं” हे दोन शब्द मी का लिहिले असतील, ते आठवत नाही. आठवतंय.

२८ नोव्हेंबर, सकाळी

मॅट उचललं. ठोकळा होता. दोन स्क्रू काढले. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

एकटाच डोंगरावर गेलो. पाय दाबला तर पेडल खाली, आणखी खाली गेलं. दचकलोच. गाडी तिसऱ्या गिअरवर चढली. एका वळणावर तर चौथा लागला. काठीवाले गृहस्थ भेटले. त्यांना ओलांडायला काहीच वेळ लागला नाही. त्यांनी हात केला, पण थांबलो नाही, कारण डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं.

वर हॉस्पिटलच्या फाटकात दुसऱ्या कुणाची तरी व्हॅन उभी होती. घड्याळ पाहिलं. सहा एक्केचाळीस.

गाडी रिकामी होती.

२८ नोव्हेंबर, दुपारी

लेकीला फोन करून सांगायचं. कसं सांगायचं याचे तीन मसुदे केले. पहिल्यात ठोकळा कुणी बसवला ते येत नाही. दुसऱ्यात मेकॅनिकला सापडला असं आहे. तिसऱ्यात सुरक्षिततेवर एक परिच्छेद आहे, चांगला झालाय.

तोवर ठोकळा ठेवायचा कुठे? इकडे तिकडे पाहिलं. मग पुठ्ठा काढून टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवला.

२९ नोव्हेंबर

सकाळी इस्त्रीवाल्यानं टेबलावर हात टेकला आणि थांबला. खाली वाकून पाहिलं. मग हिला हाक मारली. तिनंही वाकून पाहिलं. ठोकळ्याला दोन स्क्रूंची भोकं आहेत. ही माझ्याकडे वळून म्हणाली, हा कुठे होता?

मी म्हटलं, गाडीत.

गाडीत कुठे?

तिसरा मसुदा खिशातच होता, पण काढला नाही. सगळं सांगितलं. तिनं इस्त्री उभी करून ठेवली. इस्त्रीवाला हळूच बाहेर गेला. मी त्याच्यावर वर्षभर संशय घेतला होता, त्याची माफी मागायची आहे. ही रागावेल असं वाटलं होतं. तिनं लेकीला फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

“तुम्हीच सांगा,” म्हणाली.

सांगितलं. उभ्यानंच. तारखेसकट. “बरं झालं” हेसुद्धा वाचून दाखवलं. ते गाळावं असं फार वाटत होतं. तिला गाडीचा धाक वाटावा म्हणून नाही, तिला काही होईल अशी मलाच भीती वाटायची म्हणून बसवला, हेही बोललो. ते वहीत नव्हतं. दोन कपांचंही बोललो, पण वाक्य नीट पुरं झालं नाही.

पलीकडे ऑफिसमधलं कुणीतरी मागे बोलत होतं. 

मग तिनं विचारलं, “टेबल अजून हलतं का?”

मी म्हटलं, नाही. आता नाही हलत.

“चला,” ती म्हणाली, “आईचं तरी काम झालं.” मीटिंग आहे म्हणाली आणि फोन ठेवला.

ही इस्त्री करायला लागली. मी टेबल दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. खरंच हलत नाही.